पुण्याला जाऊ, की हा नाद सोडू?

पत्र थोडक्यात: वाचक २७ वर्षांच्या, राहणार भुसावळ. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, रोज रेल्वेने अप-डाऊन करतात. कॉलेजपासून छोट्या, स्वतःच्या खर्चाने गाणी काढणाऱ्या बँडचं संगीत ऐकतात. थोडं इंग्रजी, बरंचसं हिंदी, काही मराठी. घरी त्याला 'रडगाणं' म्हणतात. चुलतभावाच्या हळदीत डीजेसमोर नाचायला नकार दिला, तेव्हापासून नातेवाइकांत 'शिष्ट' हे नाव पडलंय. आवडत्या बँडला हातभार म्हणून त्या रात्रभर आवाज बंद करून त्यांची गाणी ॲपवर फिरत ठेवतात. तरी त्या बँडचा पहिला अल्बम दोन महिन्यांपूर्वी ॲपवरून नाहीसा झाला. आता पुण्याहून महिना चार हजार जास्त पगाराची नोकरी चालून आली आहे, काम तेच. जाण्याचं खरं कारण तिथले गाण्याचे कार्यक्रम. ते घरी सांगता येत नाही. त्या लिहितात, "हे ऐकणारं खान्देशात माझ्याशिवाय कोणीच नाही. पुण्याला जाऊ, की हा नाद सोडून देऊ?"

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाआधी एक तातडीचं. रात्रभर गाणी फिरवणं आजच बंद करा. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो, आणि त्यावर तुमचा हिशेब उभा आहे. पण एकाच खात्यावरून त्याच बँडची गाणी रोज सहा-सात तास वाजताना दिसली, तर यंत्रणेला त्यामागे माणूस दिसत नाही. असे स्ट्रीम बनावट समजून मोजणीतून वगळले जातात. प्रमाण जास्त आढळलं तर २०२४ पासून स्पॉटिफाय त्या गाण्यामागे वितरकाला, म्हणजे बँडची गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीला, दंड लावतं. वितरक तो बँडच्या माथी मारतो, किंवा झंझट नको म्हणून गाणंच उतरवतो. एका खात्याने एवढं होईलच असं नाही. पण ज्या बँडला महिन्याला दोन-तीनशे माणसं ऐकतात, तिथे असं एक खातंही उठून दिसतं.

पैशांच्या बाजूनेही त्यात दम नाही. ॲपवर एका स्ट्रीमला ठरलेला भाव नसतो. वर्गणीचा आणि जाहिरातींचा सगळा पैसा एकत्र होतो, आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, तितकी रक्कम त्याच्या वाट्याला येते. म्हणजे महिनाभर तुम्ही फक्त त्या बँडलाच ऐकलंत, तरी तुमच्या वर्गणीतला मोठा भाग जातो तो सगळ्यांत जास्त वाजणाऱ्यांकडे. (हे वाचून चीड येईल. यायलाच हवी.) त्यावर स्पॉटिफायची आणखी एक अट आहे: मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत.

म्हणून तुमच्यासारखीने गाणी विकत घ्यावीत. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतून कंपनी १५ टक्के आणि सीडी-टीशर्टसारख्या वस्तूंवर १० टक्के घेते. पेमेंटचा खर्च वजा जाता सरासरी ८२ टक्के कलाकाराला पोचतात, असं कंपनी स्वतः सांगते. वर्षातल्या काही महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी ती आपला वाटा सोडते. ही प्रथा मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या सुरुवातीला पडली. तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला, सुरू होतो आणि शनिवारी त्याच वेळेला संपतो. शुक्रवारी सकाळी घाईने खरेदी केलीत तर कंपनीचा वाटा कापला जाईलच.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं म्हणजे कार्ड. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा दोन हजारांची ठेवा, काम झालं की पुन्हा बंद करा. परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी वेगळा लागतो, म्हणून एकेक गाणं घेण्यापेक्षा अख्खा अल्बम घ्या. सहकारी बँकेचं साधं रुपे कार्ड बहुधा चालणार नाही.

दुसरी अडचण भारतीय बँडच्या बाबतीत येते, आणि तिथे बरेच चाहते आपलंच कार्ड बिघडलं असं समजून गप्प बसतात. बँडकॅम्पवर कलाकाराला पैसे पेपालमार्फत मिळतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. त्यामुळे भुसावळहून पुण्याच्या बँडला या वाटेने पैसे पाठवायला गेलात तर अडकतात. अशा वेळी बँडला सरळ निरोप टाका: "अल्बम विकत घ्यायचा आहे, यूपीआय कुठे करू? फाइल फ्लॅकमध्ये मिळेल का?" (फ्लॅक म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवलेली फाइल.) याचा कोणाला राग येत नाही. आणि इथे मधला वाटेकरीच नसतो.

आता तो नाहीसा झालेला अल्बम. तुम्हाला वाटलं बँड मोडला. तसं असेलही, पण बहुतेक वेळा कारण फार रुक्ष असतं. छोटे बँड ॲपवर स्वतः जात नाहीत, मध्ये वितरक असतो. डिस्ट्रोकिडसारख्या वितरकाची वार्षिक वर्गणी असते. ती भरायची राहिली की गाणी उतरतात. गाणी कायम ठेवायला एकरकमी वेगळे पैसे भरायची सोय आहे, पण पहिल्या अल्बमच्या वेळी ते कोणाकडे नसतात. ज्याच्या कार्डावरून वर्गणी जायची तो गिटारवाला नोकरीला परदेशी गेला, कार्डाची मुदत संपली, झालं! याशिवाय लेबल बदलणं, दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा परवानगीविना वापरलेला असणं, किंवा वर सांगितलेली बनावट स्ट्रीमची तक्रार. बँडला विचारा. त्यांच्याकडे मूळ फाइल असते आणि मागणारं कोणी आहे हे कळलं की ती पुन्हा चढवायला त्यांना निमित्त मिळतं.

पुढे असं होऊ नये म्हणून जे खरंच आवडतं ते आपल्याजवळ ठेवा. ४५ मिनिटांचा अल्बम ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण १०८ एमबी होतो, फ्लॅकमध्ये अडीचशे-तीनशे एमबी. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात फ्लॅकचेही चारशेक अल्बम मावतील. कार्ड घेताना जपा. बाजारात ३२ जीबीच्या कार्डावर १२८ लिहिलेली नकली कार्डं सर्रास मिळतात. ती भरत आली की जुन्या फाइल गुपचूप खराब होतात आणि हे महिन्यांनी कळतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून तपासतं. नवं कार्ड आणलं की पहिल्याच दिवशी चालवा. एक प्रत फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर कुठेतरी. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं या साठ्यात धरू नका. आवाज आधीच दाबलेला असतो आणि बँडला त्यातून काही मिळत नाही.

एवढं झालं, आता तुमच्या त्या वाक्याकडे येऊ: "खान्देशात माझ्याशिवाय कोणीच नाही." हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पत्रात तीन दाखले आहेत: घरचे, ऑफिसातले आणि हळदीतले. या तिन्ही ठिकाणी माणसं गाण्यासाठी जमलेली नसतात. तुम्हीही रेल्वेच्या डब्यात कानात बोंडं घालून बसता, तेव्हा समोरच्या बाकावरच्या मुलीला तुम्ही काय ऐकताय हे कळायचा मार्ग नसतो. तीही कदाचित तुमच्याबद्दल हेच समजत असेल.

आकड्यांवर जाल तर तेही फसवतात. स्पॉटिफाय कलाकाराला शहरवार ऐकणारे दाखवतं. पण ठिकाण ठरतं इंटरनेटच्या पत्त्यावरून, आणि मोबाइल डेटावर तो पत्ता बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा निघतो. भुसावळ-चाळीसगाव पट्ट्यात धावत्या गाडीत ऐकणारा माणूस बँडच्या यादीत मुंबईकर म्हणून जमा होतो. त्यामुळे 'खान्देशात आपलं कोणी नाही' असं बँडलाही वाटतं.

दुसरं गृहीतक जरा नाजूक आहे. पत्रात तुम्ही 'माझं संगीत' आणि 'इथलं डीजे संगीत' अशी सरळ रेघ ओढली आहे. हळदीतल्या त्या आवाजाबद्दल माझी तक्रार तुमच्याइतकीच आहे. पण धुळ्या-जळगावात अहिराणी गाणी कशी निघतात ते एकदा जाऊन पाहा. भाड्याच्या गाळ्यात स्टुडिओ, भिंतींना फोम, एक कंडेन्सर माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि संगणक. गाणारा स्वतः पैसे घालतो, व्हिडिओ शेतात किंवा गावच्या नदीवर होतो, गाणं स्वतःच्या चॅनलवर चढतं. मागे मुंबईची कंपनी नाही, लेबल नाही. नंदुरबारकडच्या आदिवासींच्या टिमली नाचाची गाणी तर कितीतरी वर्षं मोबाइल भरून देणाऱ्या दुकानांतून, मेमरी कार्डावरून पसरली. तुमचे आवडते बँड ज्या पद्धतीने काम करतात, त्याच पद्धतीने ही मंडळी करतात. फक्त त्यांना त्याचं कौतुक वाटत नाही. ही गाणी तुम्हाला आवडलीच पाहिजेत असा आग्रह नाही. पण माइक कुठे ठेवायचा, गाणं मिक्स कसं करायचं हे समजणारी माणसं तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत, आणि त्यातले निम्मे कीबोर्डवाले घरी गेल्यावर वेगळंच काहीतरी ऐकत असतात.

(आणि चुलतभावाच्या हळदीत दोन गाण्यांवर नाचलात तर तुमच्या आवडीला विटाळ होत नाही. पुढच्या वेळी नाचा. तिसऱ्या गाण्याला कानात इअरप्लग घालून बाहेर या.)

माणसं शोधायची ती इथे शोधा. जळगावातल्या वाद्यांच्या दुकानदाराला विचारा, "ॲकॉस्टिक गिटारच्या तारा दर दोन-तीन महिन्यांनी कोण नेतं?" गिटार घेणारे शेकडो असतात, तारा बदलणारे मोजके, ते खरे वाजवणारे. विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवात पाश्चात्त्य गायन-वादनाच्या स्पर्धा असतात. त्यात भाग घेणारी मुलं निकालानंतर कुठे जातात याची कोणी चौकशी करत नाही, तुम्ही करा. भुसावळला रेल्वेच्या जुन्या काळापासूनची चर्च आहेत, तिथे सुरांत गाणारी माणसं मिळतात. आणि जानेवारीत जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तिथे तासन्‌तास शांत बसून ऐकणारी खान्देशी माणसं तुम्हाला दिसतील. त्यांची आवड वेगळी असेल, पण गाणं चालू असताना बोलायचं नाही हे त्यांना शिकवावं लागत नाही. पुढे तुम्हाला अशाच माणसांची गरज लागणार आहे.

पुण्याचा प्रश्न आता सोपा होतो. तुम्ही अकाउंट्सला आहात, म्हणून हिशेबच मांडू. आज तुम्ही घरी राहता, खर्च म्हणजे रेल्वेचा पास. पुण्यात दोघींतली खोली, जेवण आणि रोजचं येणं-जाणं धरून बारा हजारांच्या खाली निभणं अवघड. वाढलेले चार हजार वजा करा. महिन्याला आठ हजार खिशातून जातील, वर्षाला ९६ हजार. आता भुसावळहून पुण्याची एक फेरी घ्या: जाता-येता थ्री एसी, कार्यक्रमाचं पाचशे-आठशेचं तिकीट, एक रात्र मुक्काम, रिक्षा आणि खाणं. चार हजारांत बसते. म्हणजे पुण्याला राहायला जाण्याच्या खर्चात वर्षाला २४ फेऱ्या होतात. तुम्ही इतक्या करणार नाही. चार-पाच केल्यात तरी तिथे राहणाऱ्या कित्येकांपेक्षा जास्त कार्यक्रम पाहाल. कारण जवळ असलं की 'पुढच्या वेळी जाऊ' असं होत राहतं.

नोकरी म्हणून ती जागा चांगली असेल, पुढे बढती असेल, शिकायला मिळणार असेल, तर जरूर जा आणि घरीही तेच कारण सांगा. तेव्हा ते खरंच असेल. तुमच्या पत्रातून मात्र तसं दिसत नाही. "काम तेच" असं तुम्हीच लिहिलंय. केवळ कार्यक्रमांसाठी मी ही नोकरी घेणार नाही.

फेरी आखताना काही गोष्टी चुकतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि छोटे कार्यक्रम दोन-चार आठवडे आधी जाहीर होतात, त्यामुळे तुम्हाला कळेपर्यंत बर्थ संपलेले असतात. मग उरतं तत्काळ: आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. त्यापेक्षा वर्षातले चार शनिवार आधीच धरा आणि ६० व्या दिवशी तिकिटं काढून ठेवा. त्या आठवड्यात कार्यक्रम नसला तर तिकीट वेळेत रद्द करा, थोडे पैसे कापले जातील. डिसेंबर-जानेवारीत झेलम, गोवा अशा उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यात अडकून तासन्‌तास उशिरा येतात. त्या दिवसांत गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस बरी, तिच्या वाटेत ते धुकं नाही. शुक्रवारी रात्री निघा, कार्यक्रम शनिवारचा, परत रविवारी. त्याच रात्रीची परतीची गाडी धरायचा मोह आवरा. तिकिटावर ८ लिहिलेलं असतं, पहिला बँड नऊला उभा राहतो आणि ज्यांच्यासाठी गेलात ते दहाला येतात. उघड्या मैदानावरचा कार्यक्रम मात्र रात्री १० ला संपतोच, कारण त्यानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे.

एकटीने जाताय तर आधी जागेला फोन करून वयाची अट विचारा. जिथे दारू विकली जाते तिथे बहुधा २१ वर्षांची असते, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या. आत गेल्यावर मंचासमोर दाटी करण्यापेक्षा मिक्सर घेऊन बसलेल्या साउंडवाल्याच्या बाजूला उभ्या राहा. आवाज सगळ्यांत नीट तिथेच लागतो, कारण तो माणूस तिथे बसूनच आवाज ठरवत असतो. शिवाय तिथे दिवा असतो आणि कोणी धक्काबुक्की करत नाही. इअरप्लग न्याच. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांत दिवसाचा कोटा संपतो. हेच गणित तुमच्या अप-डाऊनला लागू आहे. डब्याच्या खडखडाटावर आवाज चढवण्यापेक्षा कानात घट्ट बसणारी सिलिकॉनची टोकं घ्या.

राहिला भुसावळचा भाग, आणि माझ्या मते तुमचे पैसे आणि वेळ सगळ्यांत जास्त इथे लागायला हवेत. आधी ऐकण्याची बैठक करा, आठ-दहा जणांची, घरीच. प्रत्येकाने दोन गाणी आणायची, तासाभरात संपवायचं. बहुतेक बैठका पहिल्यांदाच मरतात, कारण यजमान स्वतःचं सगळ्यांत अवघड, नऊ मिनिटांचं गाणं आधी लावतो आणि मग त्याचं महत्त्व समजावत बसतो. तुम्ही तुमचं गाणं चौथं-पाचवं ठेवा, चार मिनिटांच्या आतलं निवडा आणि आधी काही बोलू नका. कोणी भजन आणलं, कोणी कव्वाली आणली, तर ती पूर्ण ऐका. 'हे आपल्या प्रकारचं नाही' असा चेहरा एकदा जरी दिसला, तर पुढच्या महिन्यात चारच माणसं येतील. स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथवर मध्येच कोणाचा तरी फोन वाजतो.

अशा तीन-चार बैठका टिकल्या की कलाकाराला बोलवा. पूर्ण बँड नको; एक गाणारा आणि त्याची गिटार. तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे नकाशा. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटरचा, आणि जळगाव ४२० वर, जवळपास मधोमध. शुक्रवारी नाशिकला आणि रविवारी नागपूरला गाणाऱ्याचा शनिवार रिकामा असतो आणि गाडी तुमच्या दारावरून जाते. म्हणून कलाकाराने असा दौरा जाहीर केला की त्याच दिवशी लिहा. संदेशात तारीख, जागा, किती माणसं, आवाजाची सोय, प्रवास आणि मुक्काम कोण बघणार, आणि नक्की किती पैसे देणार, हे सगळं पहिल्याच वेळी द्या. 'तुमचा प्रचार होईल' हे वाक्य लिहू नका, त्यांनी ते फार ऐकलंय. हिशेब साधारण असा बसतो: २५ जणांकडून तीनशे रुपये म्हणजे साडेसात हजार. त्यातून दोन हजार प्रवास, चार हजार मानधन, हजार जेवणखाण, पाचशे किरकोळ. अर्धं मानधन आधी पाठवा. माणसं कमी आली तरी ठरलेली रक्कम द्यायची, तेवढी तयारी ठेवूनच बोलवा.

जागा आणि वेळ खान्देशाने तयारच ठेवली आहे: डिसेंबर-जानेवारीतली शेतावरची भरीत पार्टी. पंचवीस-तीस माणसं तशीही जमतात, वर्गणी काढायची सवय असते, मुलींना घरून परवानगी मागायला वेगळं कारण लागत नाही. संध्याकाळी चारला वांगी भाजायला टाका, साडेचार ते सहा गाणं, मग भरीत. गाणं आधी ठेवा, जेवण झाल्यावर कोणी ऐकत नाही. एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करू नका. ४४-४५ अंशांत गिटारचे सूर दर गाण्याला उतरतात, आणि घरात घ्यायचं तर कूलर बंद करावा लागतो.

आवाजाचं एवढं पाळा. बंद खोलीत २५ माणसांसमोर माइकची गरजच नसते. पण आपली घरं म्हणजे वर स्लॅब आणि खाली टाइल्स, आवाज घुमतो. खाली सतरंज्या, मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा, पडदे ओढा, गाणाऱ्याच्या वरचा पंखा बंद. शेतावर मात्र एक स्पीकर लागेल. मंडपवाला सवयीने दोन मोठे टॉप आणि बेस घेऊन येईल. त्याला स्पष्ट सांगा: "एकच टॉप, बेस नको, छोटा मिक्सर, एक माइक आणि गिटारसाठी डीआय बॉक्स." (डीआय बॉक्स म्हणजे गिटार मिक्सरला नीट जोडणारी छोटी डबी.) स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे आणि बाजूला ठेवा, तोंड श्रोत्यांकडे, मागे ठेवला की त्याचाच आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. माइकच्या चॅनलवर लो-कट दाबलेलं असू द्या, म्हणजे वाऱ्याचा आणि धक्क्याचा धपधप आवाज जातो. घुं-घुं आवाज आला तर मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेक वेळा दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगचा तो खेळ असतो. स्वस्त इन्व्हर्टरवर हा आवाज हमखास येतो, म्हणून लाइट जाण्याची वेळ आधी विचारून ठेवा. लाउडस्पीकर लागणार असेल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्या, शेत असलं तरी. कलाकार स्वतःची गाणी गाणार असेल तर त्याचे हक्क आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी संस्था) नोंदलेले आहेत का, हे त्यालाच विचारा. मध्यंतरात रेकॉर्डेड गाणी लावायचा मोह टाळा, त्याचे परवाने वेगळे.

खरं कारण घरी सांगता येत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. पहिल्या कार्यक्रमाला आईला आणि काकूंना बोलवा, पुढच्या सतरंजीवर बसवा. पुण्याच्या पहिल्या फेरीत एखादी बहीण सोबत घ्या, जाण्या-येण्याची तिकिटं आधीच घरच्या ग्रुपवर टाका. लपवलेल्या फेरीवर भांडण होतं, सांगितलेल्या फेरीवर फार तर कुरकुर.

तुमच्यासारखी पत्रं धुळे-नंदुरबारहूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमचा नकाशा वेगळा आहे, पुण्याकडे बघत बसू नका. धुळे-शिरपूरकरांना नाशिक आणि इंदूर दोन्ही मुंबई-आग्रा महामार्गावर पडतात, एसटी रात्रभर असते. नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेरकरांना ताप्ती लाइनने सुरत जवळ, आणि मुंबईला जायला खान्देश एक्स्प्रेस. ती रोज नसते, वार बघून कार्यक्रम निवडा.